विकतची भाकरी

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी फारसं बघत नसे. परातीवर आईचा पहिला थापा पडला की उजाडलं आणि शेवटचा पडला की आण्णांची जेवायची वेळ झाली, असा आमचा कारभार. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात सकाळी हजार आवाज असायचे. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की कळशांची आदळआपट, पलीकडच्या घरातली तेलुगूतली भांडणं, लांबून कुठून तरी मागांची खटखट. या सगळ्याखालून आईचा थापा चालू असायचा, एकसारखा, न घाईचा न आळसाचा. आई कडक भाकरी करून विकायची. ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी ओतायचं, मळून मळून ते लोण्यासारखं करायचं, मग एवढासा गोळा घेऊन परातभर थापायचा. आमची घरची भाकरी आणि ही भाकरी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. ही तव्यावर दोन्ही अंगांनी भाजून झाली की मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत तिचा ओलावा काढायचा आणि शेवटी चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. पापडासारखी वाजली की झाली. महिनाभर ठेवा, काही होत नाही. आईला अभिमान होता तो मात्र भाकरीच्या पातळपणाचा. एखादी मनासारखी उतरली की ती खिडकीकडे धरायची आणि म्हणायची, "बग, पल्याडचं दिसतंय का न्हाय?" मला तर पलीकडचं काही दिसायचं नाही, पण मी मान हलवायची.

या भाकरीबरोबर शेंगाचटणी. ती कुटण्याचं काम दुपारचं. उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ आणि वर आईचे घाव. तेल सुटेपर्यंत ती थांबायची नाही आणि आम्ही बोटं चाटायला टपून बसलेलो असायचो. चळतीतली अख्खी भाकरी आमच्या वाट्याला कधी येत नसे. मोडकी, वाकडी, कडेला करपलेली ती घरची. आमटीत कुस्करून, वर कच्चं तेल घालून आम्ही ती खायचो. आज मला कुणी विचारलं की जगातलं सगळ्यात चांगलं जेवण कुठलं, तर मी दुसरं नाव घेणार नाही. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय ते वेगळं.

आण्णा चादरींच्या दुकानात गिऱ्हाइकांना माल दाखवायला होते. आमचं मूळ गाव उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, जेऊरच्या बाजूला. तिथली थोडी जमीन काका बघायचे, केळी लावायचे आणि वर्षाची ज्वारी आम्हाला पोचवायचे. आण्णा शहरात आले ते दुकानातच रमले. दिवसभर चादरी उलगडायच्या आणि गिऱ्हाईक नाक मुरडून निघून गेलं की परत घडी घालायची. ते चिडताना मी कधी पाहिलं नाही. "उलगाडल्याबिगर कळंल कसं?" म्हणायचे. पण एका बाबतीत ते फार घट्ट होते. हप्त्यानं म्हणून काही घरात आणायचं नाही. पंखा आला तो रोख पैसे देऊन, आणि तोवर दोन उन्हाळे आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतला. सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला या वाक्याचं वजन कळेल. अशा माणसापुढे मी बारावी झाल्यावर जाऊन उभी राहिले ते कर्ज मागायला.

मला नर्सिंगची पदवी करायची होती. प्रवेशाची खात्री झाली होती, बँकेत सगळं तयार होतं, आण्णांची सही तेवढी राहिली होती. नर्सिंगला दोन वाटा होत्या. एक डिप्लोमा, वर्षं कमी, खर्च कमी. आण्णांनी साठवलेल्या पैशात काकांनी थोडी भर घातली असती तर कर्जाशिवाय भागलं असतं. दुसरी चार वर्षांची डिग्री. तिची फी, होस्टेल, गणवेश, पुस्तकं मिळून आकडा असा व्हायचा की आण्णा तो तोंडानं उच्चारायचेसुद्धा नाहीत, "तेवडं" म्हणायचे. त्यावर शिकत असतानाही व्याज चढत राहणार, हे बँकेतल्या बाईंनी सांगितलं तेव्हा आण्णांनी मान खाली घातली. काका ज्वारीचं पोतं घेऊन आले आणि ओट्यावर बसून त्यांनी आपलं मत सांगितलं, "पोरीच्या नावावर कर्ज? आन लगीन ठरीवताना काय सांगनार? पोरीसंगं ब्यांकेचा हप्ता बी घ्या म्हनून?" काका वाईट नव्हते. प्रश्नही खोटा नव्हता. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं म्हणून मला त्यांचा राग आला, एवढंच.

निकाल दिला तो आईनं. आणि कशावरून दिला, ते ऐका. आमच्या भाकरीची गिऱ्हाइकं म्हणजे होटेलवाले, बंगल्यातली माणसं, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना गठ्ठे बांधून देणारी मंडळी. आईच्या दृष्टीनं भाकरी विकत घेणं हेच मुळी श्रीमंतीचं लक्षण होतं. आमच्यासारख्या घरात भाकरी थापतात. विकत घेतो तो खाऊन-पिऊन सुखी. आणि गेलं वर्षभर स्टेशनच्या बाजूच्या एका खाजगी दवाखान्यातल्या सिस्टर आमच्याकडून दर आठवड्याला चळतीच्या चळती घेत होत्या. मीच पोचवायची. फाटकाशी पांढऱ्या कपड्यातली एकजण यायची, घासाघीस न करता रोख पैसे द्यायची आणि गठ्ठा छातीशी धरून आत जायची. आईनं हे मनात धरून ठेवलं होतं. काका आणि आण्णा दोघांसमोर तिनं हात पुसले आणि म्हणाली, "त्या सिस्टरी बंगल्यावाल्यांपक्षी जास्त भाकरी घेत्यात. कदी उधारी न्हाय की कदी कमी करा म्हनत न्हाईत. पैशाबिगर आसं हुतंय व्हय? घालू द्या पोरीला डिग्रीला." आण्णा म्हणाले, "बग बाबा, तू म्हनतीस तर करतो सही." सोमवारी बँकेत जायचं ठरलं.

हे लिहिताना मला माझ्या विद्यार्थिनी आठवतात. मी आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय सुईचं टोक दिसत नाही, पण वर्गात उभी राहिले की अजून आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. दर वर्षी एक तरी मुलगी तास संपल्यावर मागे रेंगाळते आणि मोबाइलवर हप्त्याची आकडेमोड काढून दाखवते. एवढी फी, एवढं व्याज, सुरुवातीचा पगार एवढा. मॅडम, कर्ज काढू का? मी आकडे बघते, त्यांतला राहून गेलेला होस्टेलचा खर्च तिला दाखवते, डिप्लोमाचा हिशेब शेजारी मांडायला लावते. ते सगळं करायलाच हवं. डोळे मिटून कर्ज काढा असं मी कुणाला सांगितलेलं नाही. पण त्यानंतर मी तिला विचारते, नोकरी लागल्यावर तू जेवणार कुठं? मुलींना वाटतं, मॅडमचं वय झालं.

त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे भाकरी घेऊन दवाखान्यात गेले. फाटकाशी यायची ती महानंदा सिस्टर. अक्कलकोटच्या पुढच्या गावची, घरी कानडी बोलणारी, उंच, हसली की सगळे दात दाखवणारी. त्या दिवशी ती वॉर्डातून बाहेर येऊ शकत नव्हती. दवाखान्यातल्या मावशीच्या हाती तिनं खोलीची किल्ली पाठवली आणि निरोप दिला, मागच्या बोळात आमची खोली हाय, तितं ठेव आन किल्ली आनून दे. मला आनंद झाला. पुढे-मागे मी जशा घरात राहणार, तसं घर आज बघायला मिळणार होतं. गाद्या, आरसा, खुर्ची, एखादा टीव्ही, काय काय मी वाटेत मनात मांडून ठेवलं.

किल्लीची गरज पडली नाही. दार उघडंच होतं. आत एका ओळीत सतरंज्या, दोरीवर पांढरे गणवेश, कोपऱ्यात पत्र्याच्या पेट्या. रात्रपाळी करून आलेल्या दोघी भिंतीला टेकून जेवत होत्या. एका वाडग्यात पाण्यासारखी आमटी आणि तीत आमची भाकरी कुस्करलेली. एकच भाकरी, दोघींत. मला बघून त्यांतली एक उठली, गठ्ठा घेतला, वरची मोडकी भाकरी काढून लगेच तोंडात टाकली आणि म्हणाली, "ताई, आईला सांगा की, जरा जाड करा म्हनावं. लई पातळ आसती. दोन खाल्ल्या तरी पोटात काय लागत न्हाई." मी विचारलं, "तुमची मेस नाही?" दुसरी हसली. मेस आहे की, म्हणाली, डिप्लोमावाल्या जातात मेसला. आम्ही डिग्रीवाल्या. आमचा हप्ता असतो.

आईनं ज्या पुराव्यावर सगळ्यांना गप्प केलं होतं, तो उलटा होता. त्या भाकरी घेत होत्या त्या पैसे होते म्हणून नाही. महिनाभर टिकते, शिजवावी लागत नाही, घरमालकाची हरकत न येता खोलीत ठेवता येते, पाण्यात भिजवली तरी पोटाला आधार होतो, म्हणून. उधारी करत नव्हत्या, कारण उधारी केली तर पुढच्या महिन्यात तेवढंही उरणार नव्हतं. आणि भाकरी विकणाऱ्या घरातल्या आम्हाला, ज्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक भाकरी जात होती, यातलं काही कळलं नव्हतं.

किल्ली द्यायला मी वॉर्डात गेले. दारातूनच महानंदा सिस्टर दिसली. तिनं हातानं खूण केली, थांब जरा. एका खाटेवर धिप्पाड म्हातारे झोपले होते. लकवा होऊन त्यांचं एक अंग लुळं पडलेलं, आणि कितीतरी वेळ तळमळून त्यांचा नुकता डोळा लागला होता. खाली चादर ओली झाली होती. उशाशी बसलेली त्यांची बायको हात जोडून म्हणत होती, "बाई, आताच झोपल्यात, उठवू नगा. वल्यात ऱ्हाऊ द्या पाह्यजे तर." सिस्टर म्हणाली, "वल्यात ठेवत न्हाई आन उठवत बी न्हाई." मला वाटलं, ही काहीतरी समजूत घालतेय. ती पलीकडच्या बाजूचा कठडा वर करून आली. चादर चारी बाजूंनी गादीखालून सैल केली. म्हाताऱ्यांचा एक गुडघा हळूच दुमडला, एक हात खांद्यावर ठेवला, एक कमरेवर, आणि ते एवढं शरीर कठड्याकडे कुशीवर वळलं, जणू त्यांनाच वळायचं होतं. त्यांच्या पाठीशी तिनं ओली चादर लांबीनं गुंडाळत नेली. खालचं पुसून कोरडं केलं. मग निम्मी गुंडाळलेली कोरडी चादर तिला लगटून पसरली. खाटेला वळसा घालून, कठडा खाली घेऊन, त्या दोन गुंडाळ्यांवरून त्यांना आपल्याकडे वळवलं. ओली चादर निघून आली, कोरडी तिच्या जागी पसरली गेली, कोपरे आत गेले. म्हातारे घशातल्या घशात काहीतरी बोलले आणि घोरायला लागले.

मी दारात उभी होते. माझ्या अंगावर काटा आला होता. लोकांना मोठमोठी ऑपरेशनं बघून येतो म्हणतात, मला चादर बदलताना बघून आला. माणूस चादरीवर होता, माणूस खाटेवरून हलला नाही, जागा झाला नाही, आणि चादर बदलली होती. त्याची लाज राखली गेली, त्याची झोप राखली गेली, आणि करणारीच्या कपाळावर घामाचा थेंबसुद्धा नाही. हे कुणाला तरी करता येतं, हे शिकवता येतं, आणि शिकवलं तर मलाही येईल, या विचारानं मला अक्षरशः धाप लागली. आता मी हे मुलींना पहिल्या वर्षात शिकवते. पुस्तकात त्याला एक कोरडं नाव आहे आणि परीक्षेत त्याला थोडे गुण आहेत. दर वर्षी पहिली मुलगी जेव्हा ते न अडखळता करते, तेव्हा माझ्या अंगावर पुन्हा काटा येतो. मी तो मुलींना दिसू देत नाही.

सिस्टर हात धुऊन बाहेर आली. मी किल्ली दिली आणि सरळच विचारलं, सोमवारी सही आहे, डिग्री करू का? खोली बघून आलेय हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. ती बाकावर बसली, मलाही बसवलं. "पैशाचं म्हनशील तर ऐक. पगार हातात आला की निम्मा बँकेत जातो. उरलेल्यात भाडं, आन घरी थोडं. डिप्लोमावालीला पगार माज्याएवडाच. तिला हप्ता न्हाई."

"म्हंजे चुकलं तुमचं?"

"चुकलं का न्हाई, अजून ठरायचं हाय की," ती हसून म्हणाली. "डिग्रीचं उशिरा कळतं. सरकारी जागा निघतील, फुडं शिकवायची नोकरी मिळंल. ही चादर मला जिनं शिकवली ती डिग्रीवालीच होती. तवर दम काढायचा. दम काढायला पाठीमागं कुनीतरी पायजे. माजं घर लांब. तितनं काय यायचं?" उठताना ती म्हणाली, "ड्युटीवर आसले की मला पैशाचं काय आठवत न्हाई. खोलीवर गेले की आठवतं." आणि ती आत गेली, कारण कुणीतरी तिला हाक मारली होती.

मी घरी आले तेव्हा आई परातीवर वाकलेली होती आणि आण्णा दुकानातून जेवायला आले होते. गप्प राहिले असते तर सोमवारी सही झाली असती. पण आण्णांची सही आईच्या शब्दावर होती आणि आईचा शब्द भाकरीवर. मी उंबऱ्यातच बसले आणि सांगून टाकलं. "आई, त्या सिस्टरी पैसेवाल्या न्हाईत. मेस परवडत न्हाई म्हनून आपली भाकरी घेत्यात. दोघीत एक खात्यात." थापा चालूच होता. मी पुढचं सांगितलं, "जाड करा म्हनून निरोप दिलाय."

थापा थांबला. इतक्या वर्षांत तो असा गोळ्याच्या मध्येच थांबलेला मी ऐकला नव्हता. आईनं मान वर केली. "जाड? माजी भाकरी?" एवढंच म्हणाली. मग तिला मागचं सगळं उमगलं असावं, कारण ती अर्धवट थापलेल्या भाकरीकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आण्णांनी मात्र मोठा श्वास सोडला. सुटका झाल्यासारखा. "बरं झालं आदीच कळलं. डिप्लोमाच बगू मग. बिनकर्जाचं हुतंय." मी व्हय म्हणाले. खरं तेच होतं. कर्ज मोठं, पगार सारखा, मेस बंद. पण माझ्यानं गप्प बसवेना. मी म्हणाले, "आण्णा, पर तिनं झोपल्याल्या मान्साखालची चादर बदलली. त्येला न उठवता."

आण्णांनी घास तसाच हातात धरला. आयुष्य चादरींत गेलेला माणूस तो. "मानूस वर आसताना? आसं कसं हुईल?"

"म्या बगितलं."

"दाव."

आण्णांनी हात धुतले, घरातली जाडजूड सोलापुरी चादर जमिनीवर अंथरली, तसलीच दुसरी माझ्या हातात दिली आणि स्वतःच तिच्यावर जाऊन आडवे झाले, डोळे मिटून, लकवा झाल्यासारखे. मी सिस्टरसारखा हात खांद्यावर ठेवला, कमरेवर ठेवला आणि ढकललं. आण्णा हलले नाहीत. पुन्हा जोर लावला तर ते भिंतीपर्यंत गडगडत गेले आणि डोळे मिटूनच म्हणाले, "म्हातारा गेला तुजा." आई हसली. परत आणून झोपवलं, तर आमची चादर एवढी जाड की गुंडाळीचा दोरखंड झाला आणि आण्णा त्यावर अडकून बसले. "अगं, आदी सैल गुंडाळ," ते खालून सांगायला लागले, "पैल्या घडीत हवा ऱ्हाऊ दे, मग सरकंल ती." ते दुकानातलं बोलत होते. मी तसं केलं, पण वळवणं काही जमेना. तेव्हा आई उठली. पिठाचे हात धुतले, पदर खोचला आणि माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली. "कुटं हात ठेवला म्हनलीस?" मी दाखवलं. आईनं ठेवले. ती ढकलत नव्हती. तव्यावरची भाकरी जशी बोटांना सांगते की आता उलट, तशी ती थांबली, आणि आण्णांचा श्वास सुटला त्याबरोबर ते अलगद वळले. मी चादर ओढली. ती निघून आली, दुसरी खाली अंथरली गेली.

आण्णा डोळे उघडून छताकडे बघत होते. आई कधी आपल्या हातांकडे बघे, कधी चादरीकडे. मग म्हणाली, "आन हे साळंत शिकवत्यात?"

"हे पैल्याच वर्सात. फुडं लई हाय."

"डिप्लोमात बी शिकवत आसतील की," आण्णा खालून म्हणाले.

"व्हय. पर जी शिकवती ती डिग्रीवाली आसती." हे मी म्हणाले तेव्हा मला कळलं की मला नुसतं ते करायचं नव्हतं, ते शिकवायचंही होतं. आईनं माझ्याकडे नीट बघितलं. मग ती परातीपाशी जाऊन बसली, अर्धी राहिलेली भाकरी मोडली, परत गोळा केला. थापता थापताच म्हणाली, "त्या पोरींला भाकर इकत घ्यावी लागती. तुला कुटं इकत घ्याची हाय? पगारातला हप्ता ब्यांकेला जाऊ दे. पोटाचं माज्याकडं. कर्ज फिटंस्तवर तुजी भाकर हितनं यील, जितं आसशील तितं." आणि आण्णांना म्हणाली, "तुमी काय म्हनता?"

"मला उटू तर द्या," आण्णा म्हणाले, "मग सही करतो."

सोमवारी त्यांनी सही केली. बँकेतल्या बाईंनी कागद पुढे सरकवला तेव्हा ते जरा थांबले, रुमाल उलगडला, परत त्याची घडी घातली, मग पेन घेतलं. त्या आठवड्यापासून आईच्या कामात एक बदल झाला. सिस्टरांची चळत वेगळी लागायला लागली. जाड भाकरींची, पोट भरेल अशी, आणि दर तोच. पीठ जास्त जायचं. काकांना ज्वारी कमी कशी पडते ते कळेना. आईनं त्यांना काही सांगितलं नाही.

पुढचं महानंदा सिस्टर म्हणाली होती तसंच झालं. चार वर्षं शिकले, खाजगी दवाखान्यात लागले, पगाराचा निम्मा भाग बँकेत जायला लागला. माझ्याबरोबरच्या डिप्लोमावाल्या मेसला जायच्या आणि मी पेटीतून आईचा गठ्ठा काढायची. त्या वर्षांत माझ्या मनात कधी कधी असं यायचं की काका बरोबर होते. लग्न ठरताना हप्त्याचा विषय निघालाच. दोन स्थळं त्यावरून परत गेली. तिसरा हप्त्याचं ऐकूनही थांबला. त्याच्याशी मी लग्न केलं. सरकारी जागा लागली ती उशिरा आणि दूरच्या गावात. पण आईचा शब्द कधी चुकला नाही. आठवड्याच्या ठरल्या वारी एसटीचा कंडक्टर स्टँडवर हाक मारायचा, "सोलापूरची भाकर कुनाची?" आणि मी गणवेशातच पळत जायची. गठ्ठ्यात जाड भाकरी, चटणीची पुडी आणि वर आण्णांनी दुकानातल्यासारखी मारलेली गाठ. कर्ज मी फेडत होते असं बँक म्हणायची. पण फेडणाऱ्या हाताला खायला कोण घालत होतं हे मला माहीत होतं, आणि आजही त्या आठवणीनं माझी मान आपोआप खाली झुकते. एवढ्या वर्षांच्या त्या भाकरींचा हिशेब तिनं कधी केला नाही, करू दिला नाही.

शेवटचा हप्ता भरला आणि मी रजा काढून घरी गेले. बोळात शिरतानाच थापा ऐकू आला. केस पांढरे झाले होते तिचे, पण हात तोच. मी सांगितलं, "आई, फिटलं." तिनं मान हलवली आणि हातातली भाकरी पुरी केली. मी पाया पडले, आण्णांच्या पडले. आण्णांनी डोळे पुसायला रुमाल काढला आणि पुसून झाल्यावर त्याची घडी घातली. निघायच्या वेळी आईनं माझा गठ्ठा बांधायला घेतला. पाहिलं तर त्या भाकरी जाड नव्हत्या. कितीतरी वर्षांनी तिनं माझ्यासाठी तिच्या मनासारख्या, पातळ भाकरी केल्या होत्या. मी हात पुढे केला तर तिनं गठ्ठा मागे घेतला.

"पैसं?"

मला कळेना. "कसलं पैसं?"

"भाकरीचं. फिटलं न्हवं कर्ज? मग आता काड की पैसं."

ती थट्टा करत नव्हती. मी पर्समधून नोट काढून दिली. तिनं ती कपाळाला लावली, कमरेच्या पिशवीत ठेवली, उरलेले सुटे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि आत वळून आण्णांना हाक मारली, "आवो, एक चांगली पिशवी द्या. सिस्टर आल्यात भाकरी न्याला."